पुरुष समुद्रावर, बायका किनाऱ्यावर

जून संपत आला की आपल्या मंडळातली निम्मी घरं बंद होतात. शाळांना सुट्टी लागते, बायका-मुलं पुण्या-मुंबईला, नागपूर-कोल्हापूरला रवाना होतात, आणि मागे राहिलेली नवरेमंडळी आळीपाळीने एकमेकांकडे पिठलं-भात रांधून दिवस काढतात. त्यामुळे बहारीनमधल्या उन्हाळी कार्यक्रमांना मराठी चेहरे फारसे दिसत नाहीत. सरकारच्या सांस्कृतिक विभागाचा समर फेस्टिव्हल २००९ पासून सुरू झाला, पण दहा-पंधरा वर्षं इथे राहूनही त्यातला एकही कार्यक्रम न पाहिलेली कितीतरी कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत.

एका वर्षी ऑफिसच्या कामामुळे मी इथेच राहिले आणि अशाच एका उन्हाळी संध्याकाळी स्थानिक बायकांच्या गाण्याला जाऊन बसले. बाहेर रात्री आठ वाजताही भट्टी पेटलेली, आत एसीचा गारठा. स्टेजवर दहा-बारा बायका, बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. अंगात भरजरी झिरझिरीत थोब, हातात डफासारखं 'तार' नावाचं वाद्य, एकीच्या मांडीवर ढोल. मग दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या. एक रांग गात पुढे यायची, दुसरी उत्तर देत मागे सरकायची. याला 'मुरादा' म्हणतात. शब्दातच 'उत्तर देणं' आहे. फुगडी-झिम्मा पाहत वाढलेल्या बाईला यात परकं काय वाटणार? शेजारच्या बहारीनी आजीबाई मात्र गाणं ऐकता ऐकता डोळे पुसत होत्या. तिथून मी या विषयाच्या मागे लागले.

आज उन्हाळ्यात आपल्या बायका जातात आणि पुरुष राहतात. शंभर वर्षांपूर्वी या बेटांवर नेमकं उलटं होतं. मोती काढण्याचा मोठा हंगाम जूनच्या सुमारास सुरू व्हायचा आणि सप्टेंबर संपता संपता आटोपायचा. पाण्यात दिवसभर बुड्या मारायच्या तर पाणी उबदार हवं, म्हणून उन्हाळा. (गंमत अशी, की याच महिन्यांत आपल्या कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि कोळी घरी असतो.) लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या गॅझेटिअरमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आकडे आहेत : बहारीनच्या ९१७ बोटी आणि त्यांवर १७,६३३ माणसं. बेटांची सगळी वस्ती तेव्हा सुमारे एक लाख! काही खलाशी बाहेरगावचे धरले तरी मुहर्रकसारख्या गावात चार महिने म्हातारे, मुलं आणि बायका एवढेच उरत असणार.

घरातला पुरुष जाताना पैसे ठेवून जायचा, पण ते कमाईचे नसत, कर्जाचे असत. बोटीचा नाखोदा हंगामाआधी 'सलफ' द्यायचा. आपल्या ऊसतोड कामगारांना मुकादम देतो ती उचल, तोच प्रकार. हंगाम संपल्यावर हिशेब व्हायचा आणि बहुधा पाणबुड्याच्या अंगावरच बाकी निघायची. बाप गेला तर कर्ज मुलाच्या नावावर चढायचं. १९२० च्या दशकात ब्रिटिशांच्या दबावाखाली सुधारणा झाल्या, हिशेबाच्या वह्या ठेवणं सक्तीचं झालं, तोपर्यंत हे असंच चाललं. ही सगळी देणीघेणी रुपयांत होती बरं का! बहारीनला स्वतःचा दिनार मिळाला १९६५ साली. तोवर इथे रुपयाच चालायचा. मोती विकायला व्यापारी जायचे मुंबईला, आणि इथल्या चुलीवर शिजणारा तांदूळही हिंदुस्थानातूनच यायचा. पाणबुड्याची बायको चार महिने जे घर ओढायची त्याचा दोर असा मुंबईच्या बाजारात अडकलेला होता.

पुरुषांच्या समुद्रावरच्या गाण्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. प्रत्येक मोठ्या बोटीवर 'नह्हाम' म्हणजे गाणारा असायचा. शीड चढवताना, वल्ही मारताना तो गायचा आणि बाकीचे घुमारा धरायचे. किनाऱ्यावर परतल्यावर हीच मंडळी 'दार' नावाच्या खोल्यांत जमून 'फिजिरी' गायची. ही गाणी पहिल्यांदा जिनांनी माणसांना शिकवली अशी दंतकथा आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये मोत्यांशी निगडित वास्तू आणि मोत्यांचे समुद्रातले पट्टे जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि २०२१ मध्ये फिजिरीलाही मानाचं पान दिलं. मुहर्रकमध्ये आज दार अल मुहर्रकमध्ये जाऊन तुम्ही फिजिरी ऐकू शकता. जरूर ऐका, अंगावर काटा येतो.

पण बायकांच्या गाण्याला असं 'दार' नाही. त्यांचं गाणं जिनांनी शिकवलं असंही कुणी सांगत नाही, कारण ते आलं कुठून हे कुणी विचारलंच नाही.

हंगामाचे शेवटचे दिवस आले की बायका किनाऱ्यावर जमायच्या. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, त्याला शांत हो म्हणून विनवतात. इथल्या बायका समुद्राला चक्क दम द्यायच्या! माडाच्या नव्हे, खजुराच्या पेटत्या झावळ्या पाण्यात बुडवायच्या, लाटांना फटके मारायच्या आणि गाण्यातून बजावायच्या, की आता तौबा कर आणि आमची माणसं परत दे. महिने मोजत एक एक महिना त्याच्या पदरात घालायच्या. हे आखातभर चालायचं, कुवेत-कतारमध्येही. १९७२ साली कुवेतमध्ये पाणबुड्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला तेव्हा त्याचं नावही 'बस या बहर', म्हणजे 'पुरे कर, समुद्रा', असंच ठेवलं गेलं. शेवटी बोटी एकत्र परतायच्या, त्याला 'गुफ्फाल' म्हणत. त्या दिवशी किनाऱ्यावर ढोल, टाळ्या, आणि ज्यांचा माणूस परतला नाही त्यांचा आकांत, हे सगळं एकाच वाळूवर.

बायकांच्या गाण्याची दुसरी जागा म्हणजे लग्नघर. तिथे पैसे घेऊन गाणाऱ्या बायकांचे मेळे असत. त्यांत आफ्रिकी वंशाच्या, पूर्वी गुलामगिरीत आणलेल्या घराण्यांतल्या बायका बऱ्याच होत्या. त्यांच्याशिवाय लग्न लागायचं नाही, पण त्यांच्या घरात मुलगी देणार का, असं विचारलं तर सगळे गप्प. गोव्याच्या कलावंतिणींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच समाजातून आल्या, आणि घरंदाज माणसं त्यांचं गाणं कान देऊन ऐकत पण त्यांना आपल्या पंक्तीला बसवताना बिचकत. आपल्याकडे ही कोंडी फोडण्यात हिराबाई बडोदेकरांचा वाटा मोठा. स्त्रीने जाहीर मैफल करायची, तिकीट लावून करायची, आणि साध्या साडीत, पदर नीट घेऊन, कुठलाही नखरा न करता बसून गायची, हा पायंडा त्यांच्यापासून पडला असं मानतात. माझ्या मते हिराबाईंच्या सुरांइतकंच त्या तिकिटाचं महत्त्व आहे. तिकीट काढलेला श्रोता मालक नसतो.

आखातात हे काम थोडं उशिरा आणि रेडिओ-टीव्हीने केलं. कुवेतच्या औदा अल मुहन्ना आणि आयेशा अल मरता यांच्यासारख्या बायकांनी लग्नघरातलं गाणं रेकॉर्डवर आणि पडद्यावर आणलं. बहारीनच्या मुहम्मद बिन फारिस, धाही बिन वलीद या पुरुष गायकांच्या तबकड्या मात्र १९३० च्या दशकातच निघालेल्या होत्या. म्हणजे दोघांत एका पिढीचं अंतर पडलं.

आणि नेमक्या त्याच काळात हंगामच बुडाला. जपानी कल्चर मोत्यांनी बाजार पाडला, १९२९ च्या मंदीने उरलंसुरलं संपवलं, १९३२ साली इथे तेल लागलं. पुरुष रिफायनरीत नोकरीला लागले. त्यांनी आपली गाणी 'दार'मध्ये जपली, कारण शिफ्ट संपल्यावर जमायला त्यांच्याकडे जागा होती. पण समुद्राला दम देण्याचं कारणच उरलं नाही तेव्हा बायकांनी ते गाणं कुठे न्यायचं? थोडं अंगाईत गेलं, थोडं लग्नात, थोडं शाळेच्या गॅदरिंगमध्ये.

१९५८ साली डॅनिश संगीतज्ञ पॉल रोव्हसिंग ओल्सेन इथे आला. डॅनिश पुरातत्त्व मोहीम तेव्हा इथे उत्खनन करत होती. पुढच्या काही वर्षांत त्याने टेपरेकॉर्डरवर मोलाचा साठा जमवला. त्याचं बहारीनच्या संगीतावरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, २००२ मध्ये निघालं. मोठं काम, शंकाच नाही. पण परका पुरुष माजघरापर्यंत किती पोचणार? आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं नशीब या बाबतीत बरं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तेही गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून. गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली, पण कोणत्या बाईने काय म्हटलं ते राहिलं. इथल्या समुद्राला झोडपणाऱ्या बायकांची नावं कुणाच्या वहीत नाहीत.

आता कुणी म्हणेल, मोबाईलच्या जमान्यात रेकॉर्डिंगला कितीसा वेळ लागतो! तर त्याचीही एक गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी एका बहारीनी मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. बायकांचा हॉल वेगळा. दारातच एका मुलीने माझा फोन मागून घेतला, पिशवीत घालून वर चिठ्ठी चिकटवली. आत सगळ्या बुरख्याबाहेर, नटूनथटून, मोकळ्या. नवरीला बसवून तिच्या डोक्यावर हिरवं वस्त्र धरलं होतं आणि गाण्याच्या ठेक्यावर ते वर-खाली होत होतं. हा 'जलवा'. मला आपला अंतरपाट आठवला, फक्त इथे पलीकडे नवरा नव्हता, बायकाच बायका. मेळ्यातली प्रमुख बाई सत्तरीची तरी असेल. गाणं संपल्यावर मी तिला माझ्या मोडक्या अरबीत विचारलं, तुमचं गाणं कुणी टेप करून ठेवलंय का?

ती हसली. म्हणाली, "इथे कॅमेरा आला तर या सगळ्या पुन्हा अबाया घालून बसतील. मग मी गाऊ कुणासाठी?"

तिच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या मांडीवरच्या ढोलाला हात लावून पाहिला, मैत्रिणीने दिलेली पाकिटं ती तोवर मोजून पिशवीत ठेवत होती, आणि शेजारी बसलेली तिची नात, कॉलेजात शिकणारी, 'तार' हातात घेऊन पुढच्या गाण्याची वाट पाहत होती.