कल्याणवरून विलायतेला

ठाणे-कल्याण म्हटले की इतिहासाच्या वाचकाला दोन गोष्टी चटकन आठवतात. एक, कल्याणच्या खाडीतले शिवरायांचे आरमार. दुसरी, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली आगगाडी. याच मुलखावरून आणखी एक रस्ता गेला होता. तो जमिनीवर नव्हता, म्हणून कोणाच्या ध्यानात राहिला नाही, इतकेच! पुण्याजवळच्या खडकीहून इंग्लंडला जाणाऱ्या लघुलहरींचा तो रस्ता.

तो शोधायचा तर भिंतीवरचा सपाट नकाशा उपयोगाचा नाही. पृथ्वीचा गोल घ्या. दोऱ्याचे एक टोक खडकीवर आणि दुसरे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, स्केग्नेसपाशी धरून दोरा ताणा. आता ती दिशा महाराष्ट्राच्या मोठ्या नकाशावर उतरवा. रेघ लोणावळा व भीमाशंकर यांच्या मधून सह्याद्री ओलांडते, कल्याण तालुक्यात उतरते आणि जवळजवळ टिटवाळ्यावरून जाते! कल्याण शहर तिच्यापासून दहा-अकरा किलोमीटरवर, डोंबिवली त्याहून थोडी दूर, तर ठाणे पंचवीसेक किलोमीटरवर राहते. पुढे रेघ सौराष्ट्र व सिंध यांच्यावरून वायव्येकडे जाते.

असा रस्ता बांधण्याची गरज का पडली? साम्राज्य पसरलेले, आणि निरोप नेणाऱ्या तारा समुद्राच्या तळाशी. त्या महाग, युद्धात शत्रूने कापल्या की कारभार ठप्प. बिनतारी यंत्रणा हवी होती. पण लांब पल्ल्यासाठी दीर्घलहरीच लागतात, त्यासाठी प्रचंड मनोरे आणि शेकडो किलोवॉटची शक्ती लागते, असा समज होता. १९२३-२४ साली मार्कोनी आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनी हा समज मोडून काढला. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या पोल्डू केंद्रावरून निघालेली ३२ मीटरची लहर भर दिवसा बैरुटला ऐकू आली. त्याच साली ब्रिटिश सरकारने कंपनीशी करार केला आणि १९२७ साली भारताची ‘बीम’ सेवा सुरू झाली. खडकीला प्रक्षेपण, दौंडला ग्रहण. दोन्ही एकाच जागी का नाहीत? शेजारी ढोल वाजत असताना कुजबुज ऐकू येईल का? तसेच हे!

‘बीम’ म्हणजे झोत. उंच मनोऱ्यांच्या रांगेवरून उभ्या तारांचा एक पडदा सोडायचा आणि त्याच्या मागे तारांचाच दुसरा पडदा. पुढचा लहरी सोडतो, मागचा त्यांना पुढे परतवतो. कंदिलामागे आरसा ठेवावा तसे. सगळी शक्ती एका दिशेला एकवटल्यामुळे थोड्या किलोवॉटमध्ये सात हजारांवर किलोमीटर गाठता आले.

आता आपण विचाराल, एवढा झोत डोक्यावरून जात होता, तर टिटवाळ्याला काय ऐकू येत होते? बहुतेक काहीच नाही. दहा अंशांच्या कोनात निघालेली लहर टिटवाळ्यावर पोहोचेपर्यंत वीसेक किलोमीटर उंच गेलेली असते. पुढे अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवर आयनांबरात ती वाकते आणि दोन-अडीच हजार किलोमीटरवर जमिनीला टेकते. तिथून पुन्हा उसळी. अशा उड्या मारत ती विलायत गाठते. जमिनीलगत सरपटणारी लहर मात्र थोड्याच अंतरात विरून जाते. मधला पट्टा मुका. लघुलहरीचा स्वभावच असा, बरं का: ती दूरच्याचे कान भरते आणि शेजाऱ्याला ओलांडून जाते.

त्यातून निवडीचा प्रश्न येतो. आयनांबर सूर्याच्या तापाने घडते. दिवसा ते दाट, म्हणून कमी मीटरची लहर चालते. रात्री ते विरळ होते आणि तीच लहर त्यातून आरपार निघून जाते, म्हणून जास्त मीटरची घ्यावी लागते. इकडे दिवेलागण तेव्हा इंग्लंडात दुपार. दोघांनाही सोसेल अशी लहर निवडायची. शिवाय सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र आहेच. म्हणजे मीटर निवडणे हे श्रोता निवडणे होय. खडकीने निवडलेला श्रोता लंडनचा होता. तिथले व्यापारी आणि सरकारी कचेऱ्या. कल्याण तालुका वाटेत होता, हिशेबात नव्हता.

पण लघुलहर कोणाची बांधील नसते. १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तो ४२.३४ मीटरवर. ही लहर रात्रीच्या वेळी देशातल्या देशात पोहोचण्याला सोयीची. इथे निवडलेला श्रोता देशाचाच माणूस होता. साधने तुटपुंजी, आणि जवळची सरपटती लहरच वैरीण, कारण पोलिसांच्या शोधगाड्या तिच्याच मागावर येत. म्हणून जागा सारख्या बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले. तीन महिनेही झाले नव्हते. पण ते बोलणे ज्यांच्यासाठी होते, त्यांच्यापर्यंत पोहोचले होते.

खडकीच्या कंपनीत १९३२ साली समुद्री तारांचा कारभार मिळवला गेला, आणि १ जानेवारी १९४७ रोजी ती सरकारच्या ताब्यात आली. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातच, आर्वी येथे, उपग्रहाचे भू-केंद्र उभे राहिले आणि लघुलहरींच्या त्या जुन्या रस्त्याचे महत्त्व ओसरले.

इतिहास लिहिताना आपण केंद्रे मोजतो, किलोवॉट मोजतो. त्याबरोबर एक प्रश्न विचारावा: हा आवाज कोणासाठी होता, आणि कोणाच्या डोक्यावरून गेला? खडकीचे उत्तर टिटवाळ्याच्या आकाशात आहे. काँग्रेस रेडिओचे उत्तर त्या बेचाळीस मीटरांत.