गिऱ्हाइकापर्यंतची वाट : अल्पखर्ची ऑनलाइन जाहिरातीविषयी

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसारा आणि 14 तालुके. अकोल्याच्या डोंगरात भात पिकतो, तर जामखेड-पाथर्डीकडे ज्वारीला पावसाची वाट पाहावी लागते. या पसाऱ्यात छोट्या व्यावसायिकाचे जग मात्र चार-सहा गावांचे असते. रिक्षावरचा भोंगा, वर्तमानपत्रात घालून वाटलेले हस्तपत्रक, एसटी स्थानकासमोरची रंगवलेली भिंत, यात्रेतला कापडी फलक ही त्याची जाहिरातीची साधने. त्यांना पैसे पडत, आणि कोणते गिऱ्हाईक कशामुळे आले हे कधीच कळत नसे. खरे काम करी ती तोंडी शिफारस. आज ती शिफारस मोबाइलवरून फिरू लागली आहे, आणि तिचा अभ्यास करता येतो. पुढच्या पानांचा विषय तो आहे.

या विषयाला गंभीरपणे घ्यावे का, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विपणनाची पुस्तके मोठ्या कंपन्यांच्या उदाहरणांनी भरलेली असतात. पापड लाटणाऱ्या बचत गटाला किंवा सुप्याच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला त्यांत जागा नसते. खरे तर मालाला वाट कशी मिळवून द्यावी, या प्रश्नावर या जिल्ह्याने देशाला धडा दिला आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. उसाला त्यातून हक्काची वाट मिळाली. पुढे दुधाला संघ मिळाले. पण लोणचे, शिवणकाम, रोपवाटिका, मंडप, गावरान कोंबड्या यांच्यासाठी तसे काही झाले नाही, आणि कदाचित होणारही नव्हते, कारण हे धंदे एकमेकांसारखे नाहीत. ज्याला संस्था उभारता येत नाही त्याला निदान स्वतःची पाटी स्वतः लावता यावी, एवढे सामर्थ्य आता खिशातल्या फोनमध्ये आले आहे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि हे सामर्थ्य वाड्यावस्त्यांवर पोहोचले.

उदाहरणासाठी दूर जायला नको. नगर शहराजवळच्या सारोळा कासार गावातील सुमन धामणे यांना महाराष्ट्र ‘आपली आजी’ म्हणून ओळखतो. 2020 च्या सुरुवातीला नातवाने पावभाजी मागितली. यूट्यूबवरची कृती पाहून ‘याहून चांगली मी करते’ असे आजींचे मत पडले, आणि नातवाने त्यांचा स्वयंपाक चित्रित करायला सुरुवात केली. कारल्याच्या भाजीने लोकांचे लक्ष वेधले, आणि वर्ष सरायच्या आत त्यांचे प्रेक्षक लाखांत गेले. पुढे आजींच्या नावाचे मसालेही बाजारात आले. या कहाणीतल्या आकड्यांनी दिपून जाऊ नये, असे माझे वाचकांना सांगणे आहे. पाहायचे ते वेगळेच. इथे स्टुडिओ नव्हता, पुस्तकी भाषा नव्हती. होते ते रोजचे घर, रोजची बोली आणि नेमाने येणारे नवे काम. विश्वास आधी जमला, विक्री नंतर आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही वाहिनी हॅक झाली आणि काही दिवस हातची गेली, नंतर परत मिळाली. म्हणून आपल्या खात्याला दुहेरी पडताळणी लावणे हा या विषयाचा पहिला धडा मानावा. बहुतेक शिकवण्यांत तो शेवटी येतो, हे चूकच.

दुसरे उदाहरण अकोले तालुक्याचे. मे-जूनमध्ये भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात काजवे चमकतात. ते पाहायला मुंबई-पुण्याहून माणसे येतात, आणि तंबू लावणारे, घरगुती जेवण देणारे स्थानिक लोक इन्स्टाग्राम व नकाशावरून आरक्षण घेतात. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा त्या थोड्या आठवड्यांत मिळवायचा असतो. मात्र गर्दी वाढली, गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्या काजव्यांना त्रासदायक ठरू लागल्या, वन विभागाला निर्बंध घालावे लागले. आपल्याला झेपेल तितकीच माणसे बोलवावीत, हा सल्ला जाहिरातशास्त्रात सहसा सापडत नाही. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पन्नास ताटांची सोय असलेल्याने दोनशे जणांना निमंत्रण दिले, तर उरलेल्या दीडशे जणांची नाराजीही नकाशावर लिहिली जाते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते.

आता सुरुवात कुठून करावी, ते पाहू. आपले दुकान किंवा घरचा उद्योग प्रथम गूगलच्या नकाशावर नोंदवावा; त्याला पैसे लागत नाहीत. नाव, वेळ, फोन आणि दुकानाचे समोरून काढलेले स्वच्छ छायाचित्र एवढे पुरे. जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले असले, तरी शोधणारे अजूनही ‘अहमदनगर’ किंवा नुसते ‘नगर’ असे टाइप करतात. म्हणून आपल्या माहितीच्या वर्णनात ही सारी नावे सहज येऊ द्यावीत.

त्यानंतर व्हॉट्सॲप बिझनेस. हे ॲप 2018 मध्ये आले आणि तेही विनामूल्य आहे. त्यातल्या कॅटलॉगमध्ये वस्तूंची छायाचित्रे आणि भाव मांडता येतात, दुकान बंद असताना आपोआप उत्तर जाते. नेहमीच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो. ही बारीक अट लक्षात आली की कामाची दिशाच बदलते. हजार अनोळखी क्रमांक विकत घेण्यापेक्षा, बिल देताना ‘आमचा नंबर सेव्ह करून ठेवा’ असे सांगणे अधिक उपयोगाचे. सकाळ-संध्याकाळ फुलांची चित्रे मात्र पाठवू नयेत. लोक आवाज बंद करून टाकतात, आणि मग दिवाळीच्या फराळाचा निरोपही त्यांच्यापर्यंत जात नाही.

पैसे देऊन करायच्या जाहिरातीकडे या दोन गोष्टी बसल्यावरच वळावे. फेसबुकवर किती किलोमीटरच्या परिघात जाहिरात दिसावी, हे ठरवता येते. संगमनेरच्या केशकर्तनालयाने ती मुंबईपर्यंत दाखवण्यात काही अर्थ नाही. लहान रकमेपासून आरंभ करावा आणि गल्ल्याजवळ एक वही ठेवावी. ‘आमच्याविषयी कुठे कळले?’ एवढे विचारून उत्तर टिपले, तर कोणता खर्च कामी आला हे महिन्याभरात दिसते. पसंतीचे अंगठे मोजून ते दिसत नाही. फोनवर व्यवहार वाढले की फसवणूकही दारात येते. पैसे स्वीकारताना यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही, हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

हा खर्च पैशांत कमी असतो, वेळेत नव्हे. चौकशीला लगेच उत्तर द्यावे लागते, आणि बहुतेक घरांत ते काम सून किंवा कॉलेजात शिकणारी मुलगी करते. तिचा तास हिशेबात धरला जात नाही. वाचकांनी तो धरावा, आणि जमल्यास त्या कामाचा मोबदलाही ठरवावा.

ज्यांना जिल्ह्याबाहेर माल पाठवायचा आहे त्यांनी कुरिअर आणि बरण्यांच्या बांधणीचा भाग थोडा मागे ठेवला तरी चालेल. पहिली बाहेरगावची गिऱ्हाइके बहुधा चाकण-पिंपरीकडे नोकरीला गेलेली आपल्याच गावची माणसे असतात. त्यांच्यासाठी एसटीने पाठवलेले पार्सलही पुरते, आणि बरणी फुटली तर ही माणसे फोन करून स्पष्ट सांगतात. अशा दहा-वीस पार्सलांचा अनुभव गाठीशी आला की मग तो भाग उघडावा.