सकाळी आठचा नंबर : ब्रिटनमधील जीपी, अपॉइंटमेंट आणि कागदपत्रे

सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला इंग्लंडमधील असंख्य घरांत एकच गोष्ट घडत असते. कानाला लावलेल्या फोनमधून तेच ते संगीत वाजत राहते आणि रांगेत आपला क्रमांक कितवा आहे, हे एक यांत्रिक आवाज मधूनमधून सांगतो. बऱ्याच वेळाने माणसाचा आवाज ऐकू येतो तेव्हा आजच्या अपॉइंटमेंट संपलेल्या असतात; उद्या आठ वाजता पुन्हा फोन करावा, असे अत्यंत सौजन्याने सुचवले जाते. पुण्या-नाशिकहून आलेल्या माणसाला हे विशेष बोचते, कारण त्याच्या आठवणीतल्या दवाखान्यात नंबर लावायचा, बाकावर बसायचे आणि कंपाउंडरने नाव पुकारले की आत जायचे, अशी रीत असते. तास-दीड तास मोडला तरी त्याच संध्याकाळी डॉक्टरांची भेट होई. येथे दवाखान्याला ‘सर्जरी’ म्हणतात, हे ऐकून नव्याने आलेल्याच्या पोटात गोळा येतो तो वेगळाच.

या सगळ्याचा राग बहुधा फोन उचलणाऱ्या रिसेप्शनिस्टवर निघतो. वस्तुतः आठची ही रांग कोणा एका दवाखान्याच्या तऱ्हेवाईकपणातून निर्माण झालेली नाही. तिला साठ वर्षांचा इतिहास आहे आणि तो ठाऊक असला, तर आपले हक्क नेमके कोठे सुरू होतात हेही कळते.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली तेव्हा रुग्णालये सरकारची झाली. जीपी मात्र सरकारी नोकर झाले नाहीत. ते आजही बहुतांशी स्वतंत्र कंत्राटदार आहेत. त्यांना मुख्यतः नोंदलेल्या रुग्णामागे वार्षिक रक्कम मिळते. वय, आजारपणाचे प्रमाण वगैरेंचा हिशेब धरून ती ठरते. आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरला प्रत्येक भेटीमागे पैसे मिळतात, त्यामुळे दाराशी आलेला रुग्ण परत पाठवणे त्याला परवडत नाही. येथे रुग्ण वर्षातून एकदा आला काय किंवा बारा वेळा आला काय, मूळ रक्कम तीच. म्हणून गर्दी वाढली की दार रुंद होत नाही, दाराशी चाळण बसते.

पहिली दोन दशके येथील दवाखानेही आपल्यासारखेच होते : या, बसा, आपली पाळी आली की आत जा. १९६६ च्या नव्या कराराने मदतनिसांच्या पगाराचा ७० टक्के भाग सरकार देऊ लागले. त्यातून रिसेप्शनिस्टची नेमणूक सर्वत्र परवडू लागली आणि तिच्यासमोरची अपॉइंटमेंटची वही रूढ होत गेली. रांग बाकावरून वहीत गेली आणि वहीतली रांग डोळ्यांना दिसत नसल्यामुळे ती वाढत जाऊन प्रतीक्षा दिवसांवर पोहोचली.

टोनी ब्लेअर यांच्या सरकारने २००० साली आखलेल्या एनएचएस योजनेत यावर उपाय म्हणून एक लक्ष्य ठेवले : २००४ पर्यंत प्रत्येकाला ४८ तासांत जीपीची भेट मिळावी. त्यासाठी कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे या संस्थेत डॉ. मार्क मरे यांनी राबवलेली ‘आजचे काम आज’ ही पद्धत इकडे आणण्यात आली. मूळ कल्पना चांगली होती. आधी मागणी मोजायची, तिच्याएवढी क्षमता उभी करायची, मग साचलेली रांग संपवायची. अनेक दवाखान्यांनी यातले कष्टाचे भाग वगळून सोपा तेवढा उचलला, तो म्हणजे पुढच्या तारखा देणेच बंद करणे. पुढची तारीख दिलीच नाही, तर ४८ तासांचे लक्ष्य कधी मोडतच नाही! एप्रिल २००५ मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, बीबीसीच्या ‘क्वेश्चन टाइम’ कार्यक्रमात एका महिलेने ब्लेअर यांना तोंडावर सांगितले की, मुलासाठी आठवडाभरानंतरची वेळ हवी असूनही ती मिळत नाही. पंतप्रधान चकित झालेले साऱ्या देशाने पाहिले. आपल्याच धोरणाचे हे फळ त्यांना ठाऊक नव्हते. २०१० मध्ये आलेल्या नव्या सरकारने ते लक्ष्य रद्द केले, परंतु आठची सवय काही मोडली नाही.

ती मोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न मे २०२३ मधला. प्राथमिक सेवेच्या सुधारणेची योजना तेव्हा जाहीर झाली आणि जीपींच्या करारातही बदल झाला. रुग्णाने पहिल्यांदा संपर्क साधला त्याच वेळी त्याची गरज तपासण्याची व्यवस्था झाली पाहिजे किंवा त्याला योग्य ठिकाणी पाठवले पाहिजे. ‘उद्या पुन्हा फोन करा’ हे उत्तर आता करारात बसत नाही. प्रत्येकाला त्याच दिवशी डॉक्टर भेटतील असा याचा अर्थ नव्हे. काय होणार, हे मात्र त्याच दिवशी कळले पाहिजे. पुढे १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील दवाखान्यांना ऑनलाइन विनंतीचा मार्ग सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते सायंकाळी ६.३० पर्यंत उघडा ठेवणे बंधनकारक झाले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने याला विरोध केला तो सुरक्षिततेच्या मुद्द्यावर : साध्या चौकशांच्या ढिगाऱ्यात एखादी तातडीची तक्रार दडून राहील, ही भीती. ती निराधार नाही. छातीतील कळ फॉर्मवर लिहून उत्तराची वाट पाहण्याची गोष्ट नव्हे. तिथे ९९९ हाच क्रमांक. तातडीचे आहे की नाही, हेच कळत नसेल तर १११.

फॉर्मने नोकरदारांची सोय केली, यात शंका नाही. दुपारच्या बैठकीच्या मध्यंतरात दोन परिच्छेद लिहून पाठवता येतात. पण त्याच घरात सत्तरीच्या आई असतात आणि त्यांच्या ‘अंगात कणकण आहे, जीव घाबरतो’ या वाक्याला फॉर्मवर रकाना नसतो. फोन करण्याचा आणि प्रत्यक्ष जाऊन विचारण्याचा मार्ग आजही तेवढाच ग्राह्य आहे, हे अशा घरांनी लक्षात ठेवावे. दुभाष्याची सेवाही रुग्णाला विनामूल्य मिळते. ‘मराठी दुभाष्या हवा’ असे अपॉइंटमेंट घेतानाच सांगावे आणि भेटीचा अवधी वाढवून मागावा. आपल्याकडे हे काम सून किंवा नातू करतो. सुनेच्या तोंडून सासूची गर्भाशयाची तक्रार डॉक्टरांपर्यंत किती पोहोचते आणि किती अर्ध्या वाटेवर गिळली जाते, याचा विचार ज्याने त्याने करावा. मुंबईतल्या डॉक्टर भाच्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून त्यावर भागवणारी कुटुंबे आपल्या वर्तुळात कमी नाहीत. खरे नुकसान तिथे होते, कारण रांगेतून बाहेर पडलेल्याची नोंद कोणत्याच आकडेवारीत होत नाही.

दुसरा त्रास कागदांचा. जीपीकडे नाव नोंदवण्यासाठी इंग्लंडमध्ये ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणे आवश्यक नाही. तरीही काउंटरवर पासपोर्ट आणि विजेचे बिल मागितले जाते, आणि नुकत्याच भाड्याच्या खोलीत उतरलेल्या विद्यार्थ्याकडे बिलच नसते. ती कागदपत्रे मागता येतात; ती नाहीत म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. यादी बंद असणे किंवा पत्ता हद्दीबाहेरचा असणे यांसारखे वाजवी कारण असेल, तर ते १४ दिवसांत लेखी द्यावे लागते. ‘कृपया हे लेखी द्या’ एवढ्या वाक्याने पुष्कळदा काम होते, असा माझा अनुभव आहे.

भेटीला आलेल्या आई-वडिलांचे काय, हा प्रश्न आपल्या वाचकांकडून सतत येतो. त्यांनाही तात्पुरता रुग्ण म्हणून तीन महिन्यांपर्यंत जीपीकडे नोंदवता येते आणि जीपीच्या सल्ल्याला पैसे पडत नाहीत. अपघात विभागातील उपचारही विनामूल्य. मात्र तेथून वॉर्डात दाखल केले की चित्र पालटते : इंग्लंडमध्ये अशा पाहुण्यांकडून एनएचएसच्या दराच्या दीडपट आकारणी होऊ शकते. प्रवास विम्यात काटकसर करू नये ती यासाठी. आपण स्वतः व्हिसावर असू, तर फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आहे. विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालील मुलांना ७७६. वर पगारातून कर जातोच. एकाच सेवेसाठी दोनदा पैसे मोजतो ही आपल्या लोकांची तक्रार मला रास्त वाटते, पण तिचे उत्तर गृह मंत्रालयाने द्यायचे आहे, दवाखान्याने नव्हे.

आजारपणाच्या दाखल्याबाबत गैरसमज फार. पहिल्या सात दिवसांसाठी कर्मचाऱ्याने स्वतःच लिहून द्यायचे असते. त्याहून अधिक रजेसाठी लागणारा दाखला विनामूल्य असतो आणि जुलै २०२२ पासून तो परिचारिका, औषधतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्टही देऊ शकतात. विम्याचा दावा, प्रवास रद्द केल्याचे प्रमाणपत्र अशी कामे मात्र एनएचएसच्या करारात येत नाहीत. त्यांचे शुल्क दवाखाना ठरवतो आणि ती कामे मागे पडतात. दर आणि मुदत आधी विचारून घ्यावी. आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा अधिकार मात्र विनाशुल्क असून ती साधारणतः महिन्याभरात द्यावी लागते. भारतातून आणलेल्या जाडजूड फाइलचा येथे फारसा उपयोग होत नाही. एका पानावर आजार, शस्त्रक्रिया आणि औषधांची मूळ नावे लिहून द्यावीत. ‘क्रोसिन’ म्हटल्याने येथे कोणाला बोध होत नाही, पॅरासिटामॉल म्हणावे लागते.

जीपीने विशेषज्ञाकडे पाठवल्यावर दुसरी रांग सुरू होते. ९२ टक्के रुग्णांची प्रतीक्षा १८ आठवड्यांच्या आत असावी, हे इंग्लंडमधील मानक २०१६ नंतर पाळले गेलेले नाही. या रांगेत आपल्या मंडळींना दगा देतो तो बदललेला पत्ता. घर बदलले, जीपीला कळवले, रुग्णालयाला कळवायचे राहून गेले. पत्र जुन्या घरी पडले आणि तारीख चुकली. न येणाऱ्यांना दहा पौंड दंड करण्याची कल्पना ऋषी सुनक यांनी २०२२ मध्ये पक्षनेतेपदाच्या प्रचारात मांडली आणि पंतप्रधान झाल्यावर सोडून दिली. पण दंडाहून मोठी शिक्षा आधीपासून आहे : अनेक रुग्णालये अशा रुग्णाचे नाव कमी करून त्याला जीपीकडे परत पाठवतात आणि महिन्यांची प्रतीक्षा शून्यापासून मोजावी लागते. पत्र आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही, हे तत्काळ लेखी कळवून जुनी जागा परत मागावी.

वर दिलेले बहुतेक नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे आरोग्य हा तेथील सरकारांचा विषय असल्याने फॉर्म, ॲप आणि तक्रारीची वाट वेगळी आहे.

इंग्लंडमध्ये तक्रार घटनेपासून, किंवा ती लक्षात आल्यापासून, १२ महिन्यांच्या आत करायची असते. ती थेट दवाखान्याकडे करता येते किंवा जुलै २०२३ पासून स्थानिक एकात्मिक सेवा मंडळाकडे, दोहोंपैकी एकाकडेच. पोच तीन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी. उत्तर पटले नाही, तर संसदीय व आरोग्य सेवा लोकपालाकडे जाता येते. फोन किती वाजता केला, कोणी काय सांगितले, याची तारीखवार टिपणे हाताशी ठेवावीत. आणि ‘तक्रार केली तर यादीतून नाव काढतील’ ही आपल्या ज्येष्ठांना सतावणारी धास्ती असेल, तर त्यांना आवर्जून सांगावे : तक्रार केली या कारणावरून रुग्णाचे नाव काढण्याची मुभा दवाखान्याला नाही.