सेराटॉप्सिया

सेराटॉप्सिया हा शाकाहारी डायनासोरांचा एक गट असून त्यातील प्राणी शृंगी डायनासोर म्हणून ओळखले जातात. 'शिंग' आणि 'मुख' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ ऑथनिएल चार्ल्स मार्श यांनी १८९० साली हे नाव योजले. तथापि या गटातील आरंभीच्या प्राण्यांना शिंगे नव्हती. पोपटासारखी चोच हेच गटाचे खरे लक्षण होय. वरच्या जबड्याच्या टोकाशी असलेले रोस्ट्रल नावाचे हाड अन्य डायनासोरांत आढळत नाही.

उत्क्रांती

चीनमध्ये सापडलेला यिनलाँग हा सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या जुरासिक कालखंडातील, दोन पायांवर चालणारा लहानसा प्राणी होता. क्रेटेशस कालखंडाच्या पूर्वार्धातील आशियाई सिटॅकोसॉरसही द्विपादच होता. गोबी वाळवंटात विपुल जीवाश्म सापडलेला प्रोटोसेराटॉप्स चार पायांवर चाले. त्याच्या मानेवर कवटीच्याच हाडांची रुंद झालर होती. कपाळावर शिंगे मात्र नव्हती. मोठी शिंगे क्रेटेशसच्या उत्तरार्धात सेराटॉप्सिडे कुलात दिसू लागली. या कुलाचे बहुतेक जीवाश्म पश्चिम उत्तर अमेरिकेत मिळाले असून चीनमधील सायनोसेराटॉप्स हा ठळक अपवाद आहे.

ट्रायसेराटॉप्स

१८८७ साली डेन्व्हरजवळ सापडलेली शिंगांची जोडी मार्श यांना प्रथम एका प्रचंड गव्याची वाटली. पुढे वायोमिंगमधून अधिक पूर्ण कवटी हाती आल्यावर त्यांनी १८८९ मध्ये ट्रायसेराटॉप्स, म्हणजे 'तीन शिंगांच्या मुखाचा', हे नाव दिले. हा प्राणी ८ ते ९ मीटर लांब असे आणि डोळ्यांवरील त्याची शिंगे सुमारे १ मीटरपर्यंत वाढत. त्याच्या जबड्यांत दातांचे थर एकावर एक रचलेले असत. झिजलेल्या दाताची जागा खालचा दात घेई.

शिंगांचे प्रयोजन

शिंगे केवळ टायरानोसॉरससारख्या शत्रूंपासून बचावासाठी होती, असे पूर्वी मानले जाई. ट्रायसेराटॉप्सच्या शिंगावर व झालरीवर दंशाच्या भरून आलेल्या खुणा आढळल्याने अशा झुंजींना पुष्टी मिळते. परंतु झालरीच्या हाडांवरील इतर इजा स्वजातीयांशी शिंगांनी झालेल्या टकरींकडे निर्देश करतात. शिवाय ट्रायसेराटॉप्सच्या पिलांची शिंगे मागे वळलेली, तर प्रौढांची पुढे वळलेली असत. शिंगांचा आणि झालरींचा आकार जातीगणिक भिन्न असे. त्यामुळे परस्परांची ओळख, वयाची जाण आणि जोडीदाराचे आकर्षण हीही त्यांची कार्ये असावीत, असे आज अनेक संशोधक मानतात.

अस्त

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे लघुग्रह आदळला त्या सुमारास, हा गट नामशेष झाला. दख्खनच्या पठाराची रचना करणारे लाव्हाचे उद्रेकही त्याच काळात चालू होते. या महाविलोपात उद्रेकांचा वाटा किती, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.