आजारातून उठल्यावर मोत माउलीचा नवस फेडायचाय? असोद्याहून मुंबईला जाण्याआधी हे वाचा

मोठं ऑपरेशन झालं, ताप उतरला, रिपोर्ट चांगला आला की घरात पहिली आठवण होते ती नवसाची. जळगावजवळच्या असोद्यासारख्या गावातून मुंबईला वांद्र्याच्या मोत माउलीच्या दर्शनाला निघायचं, तर प्रवास चारशे किलोमीटरहून जास्त आहे. आजार बरा झाला तरी अंगात ताकद परत यायला वेळ लागतो. म्हणून ही यात्रा ठरवताना कॅलेंडरच्या आधी तब्येत बघायला हवी.

मोत माउली म्हणजे काय?

वांद्र्याच्या टेकडीवरचं माउंट मेरी चर्च. सध्याची इमारत १९०४ सालची आहे. कॅथलिकांसोबत हिंदू, मुस्लिम, पारशीही इथे येतात. चर्चबाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मिळतात. जो अवयव दुखत होता त्याची मेणाची प्रतिकृती माउलीला वाहण्याची पद्धत आहे.

जत्रेत जावं का?

८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. तेव्हा लाखोंची गर्दी असते, टेकडीवर गाड्यांना निर्बंध असतात आणि वर पावसाचे दिवस. टाके ओले असतील किंवा केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, तर जत्रा टाळणंच शहाणपणाचं. चर्च वर्षभर खुलं असतं. हिवाळ्यातला साधा कामाचा दिवस निवडला तर रिक्षा-टॅक्सीने टेकडीवर जाता येतं आणि निवांत बसताही येतं.

आधी डॉक्टर, मग तिकीट

डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारा:

- सलग सात-आठ तास बसून प्रवास चालेल का?
- किती चालायचं, किती जिने चढायचे?
- प्रवासात औषधांच्या वेळा कशा सांभाळायच्या?
- कोणती लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा?

शस्त्रक्रियेनंतर बराच वेळ एका जागी बसल्यास पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. त्यामुळे गाडीत अधूनमधून उठून चार पावलं चाला. पाणी किती प्यायचं हेही विचारून घ्या, कारण किडनी आणि हृदयाच्या काही रुग्णांना पाण्याचं बंधन असतं.

तपासणी आणि दर्शन एकाच फेरीत

खानदेशातले अनेक रुग्ण परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये उपचार घेतात. फॉलो-अपची तारीख मुंबईत असेल तर दोन्ही कामं एकत्र जमतात. क्रम मात्र आधी तपासणी, मग दर्शन असाच ठेवा. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं तर वांद्र्याचा बेत पुढे ढकला.

रेल्वेची रुग्णांसाठीची सवलत उपचार किंवा तपासणीच्या प्रवासाला असते. फक्त तीर्थयात्रेला जायचं असेल तर ती मिळत नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यात कर्करुग्णांना बसता येतं. त्यासाठी आजाराची कागदपत्रं जवळ ठेवा.

तीन दिवसांचा सोपा बेत

पहिला दिवस: दादरला उतरा. सामान घेऊन पूल चढण्यापेक्षा थेट टॅक्सी करा. मुक्कामाला पोहोचून फक्त आराम.

दुसरा दिवस: सकाळी माउंट मेरी, दुपारी झोप, संध्याकाळी वांद्र्याच्या बँडस्टँडवर समुद्राकाठी बसणं.

तिसरा दिवस: वाटलं तर माहीमचं सेंट मायकल चर्च. इथे १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते आणि मोठी गर्दी असते, म्हणून बुधवार सोडून जा. वांद्र्याची रिक्षा माहीमला जात नाही, टॅक्सी घ्यावी लागते.

उपवास करावाच लागतो का?

नाही. कम्युनियनआधी एक तास काही न खाण्याचा कॅथलिक नियम आहे, पण आजारी, वृद्ध आणि त्यांची काळजी घेणारे यांना त्यातून सूट आहे. औषधासाठी खाल्लं तर दोष लागत नाही. गुडघे टेकता येत नसतील तर बसून प्रार्थना करा. इतर धर्मीयांनी मेणबत्ती लावावी, प्रार्थना करावी. कम्युनियन मात्र कॅथलिकांसाठीच असतं.

मुंबई झेपणार नसेल तर?

नाशिकरोडचं बाळ येशूचं मंदिर जळगावहून जवळपास निम्म्या अंतरावर आहे. तिथली फेब्रुवारीतली यात्रा टाळून जा. तेही जमत नसेल तर कॅथलिक रुग्णांना धर्मगुरूंना घरी बोलावून कम्युनियन घेता येतं. मेणाची प्रतिकृती नातेवाइकाच्या हाती पाठवली तरी चालते.

पिशवीत काय हवं?

डिस्चार्ज कार्ड, दोन दिवसांची जास्तीची औषधं, मास्क, घरचं खाणं, इन्सुलिन असेल तर थंड पाऊच आणि सोबत एक धडधाकट माणूस. गाडीत त्रास झाला तर १३९ वर फोन करा.