हमरापूरचे प्रश्न
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत ‘टीका’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक दोष दाखवण्याचा, दुसरा अर्थ उलगडून सांगण्याचा. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. विज्ञानावर सामान्य माणसाने टीका करावी का, असे विचारले की आपल्याला पहिलाच अर्थ आठवतो. दुसराही आठवावा, म्हणून पेण तालुक्यातल्या हमरापूरचा अलीकडचा इतिहास सांगतो.

पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. हमरापूर, जोहे या गावांत मूर्तींचे कारखाने आहेत. शाडूच्या जोडीला तिथे प्लास्टर ऑफ पॅरिस आले. जिप्सम सुमारे दीडशे अंशांवर तापवले की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसच्या खाणींवरून तिला हे नाव पडले. पाणी घातले की ती काही मिनिटांत घट्ट होते. कोकणच्या दमट हवेत शाडूची मूर्ती सुकायला दिवसचे दिवस लागतात. तिथे हलकी, प्रवासात कमी फुटणारी प्लास्टरची मूर्ती कारागिराला सोयीची वाटली यात नवल नाही.

पण हीच मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाही. लिटरभर पाण्यात जिप्सम विरघळते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. रंगांतून शिशासारखे धातू पाण्यात उतरतात, ते वेगळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची कडक अंमलबजावणी करण्यास सांगितले. कारागिराच्या दारात विज्ञान आले ते असे, बंदीचा कागद घेऊन.

मूर्तिकारांच्या संघटनांनी विरोध केला. प्रश्न पोटाचा होताच, पण त्यात ज्ञानाचेही प्रश्न होते. दोष प्लास्टरचा किती आणि रंगाचा किती? शाडूही विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी बसतो, त्याचे काय? तो गुजरातेतून खणून आणतात, तो हिशेब कोणी मांडायचा? आणि अपाय मूर्ती घडवण्यात आहे की नदीत सोडण्यात?

राज्य शासनाने हा विषय राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे सोपवला. डॉ. अनिल काकोडकर यांच्या नेतृत्वाखालच्या तज्ज्ञांचा अहवाल केंद्रीय मंडळाकडे गेला. मूर्ती घडवायला हरकत नाही, नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र नको, असे मंडळाने सांगितले. ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने मूर्ती घडवण्याची वाट मोकळी केली. शेवटचा प्रश्न विज्ञानाला मान्य झाला होता. विज्ञान त्यामुळे खोटे ठरले नाही, अधिक नेमके झाले.

असे इतरत्रही घडले आहे. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर इंग्लंडच्या कंब्रियातील मेंढपाळांना सांगितले गेले, की निर्बंध तीन आठवड्यांचे आहेत. ते पूर्णपणे उठले २०१२ मध्ये. तज्ज्ञांनी चिकणमातीचा हिशेब धरला होता. डोंगरावरची माती निराळी होती. ब्रायन विन या अभ्यासकाने हे प्रकरण जगापुढे मांडले.

टीका एकाच बाजूने मात्र चालत नाही. २४ जुलै २०२५ च्या आदेशाने मार्च २०२६ पर्यंत सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींना कृत्रिम तलाव बंधनकारक झाले. त्याहून उंच मूर्तींना समुद्र मोकळा राहिला. पर्यावरणवाद्यांनी त्यावर बोट ठेवले तर मूर्तिकारांनीही ते ऐकले पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरचे विघटन करून दाखवले आहे. त्यातून अमोनियम सल्फेट हे खतही मिळते.

मी कला शाखेचा पदवीधर. ही रसायने मला विचारूनच समजून घ्यावी लागतात. पण विचारणाऱ्याला विरोधक समजले, तर तो समजून घेणे सोडून देतो. म्हणून वाटते, पुढचा अहवाल न्यायालयात जाण्याआधी हमरापूरच्या कारखान्यात, मराठीत वाचला जावा. आणि वाचणाऱ्याने प्रश्न संपेपर्यंत तिथे बसावे.