एकच चिप, दोन उत्तरे

७.४६ ही संख्या जवळच्या पूर्णांकात लिहायला सांगितली, की वर्गातली काही मुले आधी ७.५ करतात आणि मग ८ लिहितात. थेट लिहिले असते तर उत्तर ७ आले असते. आपण त्यावर लाल शाईने फुली मारतो. नेमक्या याच चुकीने संगणकतज्ज्ञांना अनेक वर्षे छळले.

पूर्वी प्रत्येक कंपनीच्या संगणकाचे अपूर्णांकांचे गणित निराळे असे. १९६४ च्या आयबीएम ३६० मध्ये वजाबाकी करताना जादा अंक राखला जात नसे. ग्राहकांनी तक्रारी केल्यावर कंपनीला विकलेल्या यंत्रांत दुरुस्ती करून द्यावी लागली. कंट्रोल डेटाच्या काही यंत्रांवर तर तुलना केल्यास शून्याहून वेगळी ठरणारी संख्या १ ने गुणताच शून्य होई! तेव्हा यंत्रानेच स्वतःची परीक्षा द्यावी, ही कल्पना पुढे आली. मायकेल माल्कम यांनी १९७२ मध्ये एक सोपी युक्ती मांडली. १ घ्या आणि दुप्पट करत जा. प्रत्येक वेळी त्यात १ मिळवून मूळ संख्या वजा करा. ज्या पायरीला उत्तर १ येत नाही, तेथे यंत्रात मावणारे अंक संपले. बर्कलीच्या विल्यम काहन यांनी १९८३ च्या सुमारास याच धर्तीवर 'पॅरॅनोइया' ही आज्ञावली बेसिक भाषेत लिहिली. संशयी स्वभावाला शोभेल असेच नाव! यंत्राबद्दल काहीही गृहीत न धरता ती त्याचे दोष शोधी आणि गांभीर्यानुसार त्यांची वर्गवारी करी.

१९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक आले आणि गोंधळ मिटला असे वाटले. पण इंटेलची १९८० ची ८०८७ ही गणिती चिप आतल्या आत ६४ द्विमान अंकांपर्यंत हिशेब करी, आणि नेहमीच्या 'डबल' संख्येला स्मृतीत जागा मात्र ५३ अंकांची. मधल्या पायऱ्यांत जादा अंक असावेत, हा हेतू चांगलाच होता. किती अंकांवर थांबायचे हे चिपमधल्या एका नियंत्रक नोंदीवर ठरे, आणि ती नोंद ऑपरेटिंग सिस्टिम भरी. लिनक्सने ६४ ठेवले, फ्रीबीएसडीने ५३. त्यामुळे चिप तीच, आज्ञावली तीच, तरी स्वचाचणी एकीकडे उत्तीर्ण आणि दुसरीकडे नापास!

लिनक्सवर संख्या आधी ६४ अंकांत बसवली जाई आणि स्मृतीत जाताना पुन्हा ५३ मध्ये. म्हणजे आपली ७.४६ चीच गोष्ट. शिवाय ती स्मृतीत केव्हा जाईल हे कंपायलर ठरवी. चूक शोधायला मधली किंमत छापावी, तर त्या निमित्ताने संख्या स्मृतीत जाई आणि चूकच नाहीशी होई. जीसीसी कंपायलरच्या दोषनोंदीत हे प्रकरण २००० मध्ये ३२३ या क्रमांकाने नोंदले गेले. मग तीच तक्रार नव्या नव्या रूपात येत राहिली. लिनक्सवर नियंत्रक नोंद ५३ करून चाचणी पुन्हा चालवायची, ही त्यावरची साधी परीक्षा. नापासाचा शेरा गेला, तर कारण बहुधा सापडले.

गंमत अशी, की नापास होणारे यंत्र जास्त अंक सांभाळत होते. अशा वेळी चाचणीची सूट थोडी वाढवून मोकळे व्हावे, असा मोह आम्हालाही झालेला आहे. तो धोक्याचा आहे. १९९४ मध्ये उघडकीस आलेल्या पेंटियमच्या दोषात ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागल्यास १.३३३८२ ऐवजी १.३३३७४ येई. दहा हजारांत एकाची सूट दिली असती, तर ही चिप बिनदिक्कत उत्तीर्ण झाली असती.

२००३ पासून आलेल्या ६४ बिटी पीसींवर डबल संख्यांचा हिशेब सामान्यतः ५३ अंकांतच होतो आणि हे भांडण तेथे बरेचसे शमले. आता एआरएम प्रोसेसरांवर नवेच प्रकरण दिसते. तेथे गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत होतात, मधला गुणाकार तोडला जात नाही. आयबीएमच्या प्रोसेसरात ही सोय १९९० मध्येच आली होती. कंपायलरने ती वापरली, तर क्ष आणि य समान असतानाही क्ष × क्ष − य × य चे उत्तर शून्य येईलच असे नाही.